यंत्रे आली, आता ती चालविणारा हवालदार टिकवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरनंतर सैन्यदलांच्या आधुनिकीकरणावर मराठी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता, उपग्रह, सायबर हल्ला हे शब्द आता कोरेगावच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्याही तोंडी आहेत, आणि ज्या जिल्ह्यात फौजेत कोणी नाही असे गाव शोधावे लागते त्या जिल्ह्यात तसे होणे स्वाभाविकच आहे. मात्र या लिखाणात कोणते यंत्र घेतले, किती कोटींना घेतले आणि कोणत्या कंपनीने बनविले एवढेच प्रामुख्याने येते. ते यंत्र सीमेवरच्या चौकीत चालविणार कोण, बिघडले तर त्याचे झाकण उघडणार कोण, आणि शत्रूने त्याचा संपर्क तोडला तर त्या चौकीचे काम पुढे कसे रेटायचे, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. सैन्याच्या सिग्नल्स, म्हणजे संदेशवहनाच्या, विभागात उमेदीची वर्षे काढलेला एक निवृत्त सुभेदार म्हणून त्याविषयी लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे. कात्री लावायची झाल्यास अग्निवीरांविषयीचा भाग तेवढा राखावा, ही विनंती.

आधी जे चांगले झाले ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले, असे सरकारतर्फे दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले. ते रोखण्यात तोफा आणि क्षेपणास्त्रे यांचा वाटा सर्वांना दिसला, पण त्यांच्या पाठीमागे उभे असलेले माहितीचे जाळे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. पूर्वी प्रत्येक रडार आपल्यापुरते पाहत असे. पडद्यावर दिसलेला ठिपका ऑपरेटर तोंडी कळवी, तो दुसरीकडे नकाशावर मांडला जाई, विमान आपले की परके याची खातरजमा होई आणि मग तोफांना हुकूम जाई. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान एका मिनिटात १५ किलोमीटर कापते, हे लक्षात घेतले म्हणजे या तोंडी कारभाराला किती अवधी मिळत असेल याची कल्पना येईल. हवाई दलाने २०१० मध्ये एएफनेट हे स्वतःचे जाळे सुरू केले आणि त्यावर हवाई देखरेख व नियंत्रणाची आयएसीसीएस ही यंत्रणा बसविली. लष्कराने आपल्या हवाई संरक्षणासाठी ‘आकाशतीर’ ही प्रणाली घेतली, जिचा सुमारे १,९८२ कोटी रुपयांचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सशी मार्च २०२३ मध्ये झाला. निरनिराळ्या रडारांनी पाहिलेले सारे एका चित्रात आणून ते चित्र तोफेजवळच्या माणसापर्यंत काही क्षणांत पोहोचविणे, हे या यंत्रणांचे काम. त्या रात्री ते झाले, आणि ज्यांनी रेडिओवर अंक ओरडून ओरडून घसा बसवून घेतला आहे अशा आमच्या पिढीच्या सिग्नलवाल्यांना त्याचा किती आनंद झाला असेल, हे सांगायला नको.

हे येथपर्यंत यायला किती वर्षे लागली, तेही पाहिले पाहिजे. मे १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांवर परके लोक बसले आहेत ही बातमी आपल्याला प्रथम तेथील मेंढपाळांनी दिली. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस अहवाल सादर केला आणि टेहळणीतील व माहितीच्या देवाणघेवाणीतील उणिवा स्पष्ट दाखविल्या. त्यानंतर तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा अशी शिफारस २००१ मध्ये मंत्रिगटाने केली. ते पद प्रत्यक्षात आले ते जानेवारी २०२० मध्ये, जनरल बिपिन रावत यांच्या नेमणुकीने. रणभूमीवरील सर्व सेन्सरांची माहिती गोळा करून कमांडरपुढे मांडणारी ‘संजय’ ही प्रणाली २,४०२ कोटी रुपये खर्चून लष्करात दाखल होऊ लागली ती जानेवारी २०२५ मध्ये. कारगिलमध्ये पोटऱ्या फुटेपर्यंत चढलेली मुले तोवर पेन्शनीत निघाली होती. बटालियनपर्यंत माहिती पोहोचविण्यासाठी आखलेला बॅटलफील्ड मॅनेजमेंट सिस्टीम हा प्रकल्प तर मध्येच, मुख्यतः खर्चाच्या कारणावरून, गुंडाळण्यात आला. जाहीर झालेली प्रत्येक योजना चौकीपर्यंत पोहोचतेच असे नाही, हे मथळे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माहितीचे जाळे जितके मोठे होते तितके ते तोडण्याचे शत्रूला अगत्य वाटू लागते. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे आजच्या अरुणाचलातील नामका चू नदीकाठी चिनी तोफांचा मारा सुरू होताच ७ इन्फन्ट्री ब्रिगेडच्या टेलिफोन लाइन तुटल्या आणि ब्रिगेडच्या मुख्यालयाला आपल्याच बटालियनांचा पत्ता लागेनासा झाला. पुढच्याच महिन्यात आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे वाक्य सभांमधून आजही ऐकू येते. पण त्यांच्या कारकिर्दीत १९६४ ते १९६९ अशी पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली, लष्कराची संख्या ८,२५,००० आणि हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन ठरली, म्हणजे खरेदीआधी माणसांचा आणि साहित्याचा हिशेब मांडला गेला, हे त्या सभांमधून फारसे कोणी सांगत नाही.

१९६२ मध्ये तार तुटली. २०२२ मध्ये उपग्रहाचा संपर्क तुटला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला आणि युक्रेनसह युरोपातील हजारो मोडेम निकामी झाले. आपल्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर आहेत तशा जर्मनीतील ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाचा संपर्कही त्या तडाख्यात गेला. पवनचक्क्यांचे युद्धाशी काही देणेघेणे नव्हते. त्या फक्त त्याच उपग्रहाच्या भरवशावर होत्या. त्यानंतर त्या युद्धात ड्रोनांचा सुळसुळाट झाला, त्यामागोमाग ड्रोनांचे रेडिओ बंद पाडणारे जॅमर आले आणि जॅमरांना तोड म्हणून २०२४ पासून रशियाने, व पाठोपाठ युक्रेननेही, शेपटीला काचतंतूची बारीक तार लावलेले ड्रोन उडवायला सुरुवात केली. ड्रोन पुढे जातो तशी रिळावरची तार मागे उलगडत जाते, दहा-वीस किलोमीटरपर्यंत. हुकूम आणि चित्र दोन्ही त्या तारेतून जात असल्याने कोणताही जॅमर तेथे लागू पडत नाही. जगातील सर्वांत नवे हत्यार पुन्हा तारेवर आलेले पाहून माझ्यासारख्या जुन्या लाइनमनला हसू आवरले नाही.

तार राखणे म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. कारगिलच्या लढाईत आमची लाइन पार्टी डोंगराच्या कडेकडेने पोस्टपर्यंत टेलिफोनची तार टाकी. दिवसा शेलिंग झाले की ती हमखास तुटे. मग अंधार पडल्यावर दोन जवान निघत. पुढचा तार हातात धरून चाले, कारण बॅटरी लावण्याची सोय नव्हती आणि खडकांत तार डोळ्यांनी दिसत नसे. ठरावीक अंतरावर तो वरचे आवरण सोलून टेलिफोन जोडी आणि दांडी फिरवून मागच्या एक्सचेंजला हाक देई. हाकेला ओ मिळाली म्हणजे येथपर्यंत लाइन शाबूत. ओ मिळाली नाही म्हणजे तूट मागे राहिली. टोके सापडली की हातमोजे काढावे लागत, कारण मोजे घालून गाठ बसत नाही, आणि त्या थंडीत उघड्या बोटांनी तांब्याच्या तारा पिळून वर टेप गुंडाळेपर्यंत बोटे आपली राहत नसत. रेडिओ सेट होतेच, पण थंडीने त्यांच्या बॅटऱ्या बघता बघता मान टाकत. म्हणून ऑपरेटर राखीव बॅटरी स्वेटरच्या आत, पोटाशी धरून झोपत. आज बॅटरी लिथियमची आली आहे. उणे २० अंशांत तिचीही शक्ती घटते. ड्रोनची तर सारी भिस्त बॅटरीवर असल्याने मैदानात अर्धा तास उडणारे यंत्र विरळ हवेत आणि गोठत्या थंडीत तेवढा वेळ टिकत नाही. हे कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. चौकीवरच्या पोराला ते पहिल्याच आठवड्यात कळते.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रत्येक नव्या प्रणालीची परीक्षा ती चालू असताना जशी घेतात तशीच ती बंद पाडूनही घेतली पाहिजे. सरावाच्या दुसऱ्या दिवशी नेटवर्क बंद, उपग्रहावरून मिळणारी स्थाननिश्चिती बंद, मुख्य रेडिओ जॅम, आणि तरीही ब्रिगेडने ठरलेले काम ठरलेल्या वेळी करून दाखवायचे. होकायंत्र आणि कागदी नकाशा वापरणे, आवाजाची शिस्त पाळून थोडक्यात निरोप देणे, कमांडरचा हेतू आधीच समजून घेऊन हुकमाविना काम चालू ठेवणे, हे जुने कसब आधुनिकीकरणाच्या आड येत नाही. ते नसेल तर कोट्यवधींची यंत्रणा पहिल्या जॅमरपुढे मुकी होईल. अमेरिकेच्या जीपीएसवर विसंबू नये म्हणून आपण ‘नाविक’ ही स्वतःची उपग्रह प्रणाली उभारली. तिच्या काही उपग्रहांतील परदेशी अणुघड्याळे बंद पडली. मग मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात आपण स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसविले. घड्याळासारखी एक वस्तू सगळ्या प्रणालीला कशी वेठीस धरते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

यावरून सुट्या भागांचा विषय निघतो. सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये हजारो पेजर एकाच वेळी फुटले आणि दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी फुटले; त्यांच्या आत काय दडविले आहे याचा पत्ता ती उपकरणे विकत घेणाऱ्यांना लागला नव्हता. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने चिनी भाग आढळल्यावरून ४०० ड्रोनांचे २३० कोटींहून अधिक रकमेचे करार रद्द केले. निर्णय योग्यच होता, पण वरून ‘स्वदेशी’ अशी पट्टी आणि आतला मेंदू परका, हा प्रकार करारावर सह्या होण्याआधी उघडकीस यायला हवा होता. उड्डाण नियंत्रित करणारे सर्किट, कॅमेऱ्याची चिप, रेडिओचा मॉड्यूल आणि या सर्वांच्या आतले सॉफ्टवेअर तपासण्याची प्रयोगशाळा, व ते तपासू शकणारे हात, यांवर खर्च करणे छायाचित्रात दिसत नाही एवढाच त्याचा दोष. ही कुवत आपल्यात नाही असे मानण्याचे काही कारण नाही. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. हा पल्ला आपल्याच माणसांनी गाठला.

खरेदीची पद्धत हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. येथे एवढेच सांगतो. तोफ एकदा घेतली की तीस वर्षे चालते, सॉफ्टवेअर मात्र दर काही महिन्यांनी सुधारावे लागते, आणि आपली खरेदीची चाकोरी, म्हणजे गरज मान्य होणे, माहिती मागविणे, प्रस्ताव, चाचण्या, दरांची वाटाघाट, ही सगळी तोफेच्या हिशेबाने बांधलेली आहे. चाचणीत पास झालेले सॉफ्टवेअर पोस्टवर पोहोचेपर्यंत शिळे झालेले असते. २०१८ पासून संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेखाली छोट्या उद्योगांना दीड कोटीपर्यंत, पुढे प्राइम गटात १० कोटींपर्यंत आणि ‘अदिती’ योजनेत २५ कोटींपर्यंत अनुदान मिळते, ही सुधारणा मोठी आहे. नमुना तयार झाल्यावर मागणी येते का, हा प्रश्न त्या उद्योजकाच्या छातीवर कायम बसलेला असतो. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६,८१,२१० कोटी रुपये होते आणि त्यांतील सुमारे १,४८,७२२ कोटी आधुनिकीकरणासाठी. संरक्षण क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रकल्पांसाठी नेमलेल्या संस्थेला वर्षाला १०० कोटींची तरतूद जाहीर झाली होती. पैसा कोठे आहे आणि भाषण कशाचे आहे, हे या दोन आकड्यांवरून ज्याने त्याने ताडावे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते.

लष्कराने २०२४ आणि २०२५ ही वर्षे तंत्रज्ञान आत्मसात करण्याची म्हणून जाहीर केली. २६ जुलै २०२५ रोजी द्रासमध्ये कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमात लष्करप्रमुखांनी प्रत्येक इन्फन्ट्री बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून असेल, असे सांगितले. घोषणा स्वागतार्ह आहे. परंतु प्लाटून म्हणजे यंत्रांची गणना नव्हे; तिच्यात उडविणारा, दुरुस्त करणारा, फ्रीक्वेन्सी सांभाळणारा, आलेल्या चित्रातून शत्रू ओळखणारा आणि या सगळ्यांवर डोळा ठेवणारा अनुभवी हवालदार अशी माणसे लागतात. ही माणसे कोठून येणार? जून २०२२ पासून शिपायाची भरती अग्निपथ योजनेतून होते. नोकरी चार वर्षांची, त्यात प्रशिक्षणही धरलेले, आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम, असा तिचा आराखडा जाहीर झाला. या योजनेच्या बाजूने सांगितले जाते त्यात तथ्य आहे. मोबाइल हातात घेऊनच वाढलेली ही मुले ड्रोन उडवायला आमच्या पिढीपेक्षा कितीतरी लवकर शिकतात, आणि फौज तरुण होणे डोंगरी युद्धात हिताचेच आहे. पण उडविणे वेगळे आणि बिघाड ओळखणे वेगळे. सेट मुका झाला तर दोष अँटेनात आहे, केबलीत आहे, बॅटरीत आहे, की पलीकडच्या टोकाने फ्रीक्वेन्सी बदलली आहे, हे नुसत्या खरखरीच्या सुरावरून ओळखणारा मेकॅनिक पाच-सहा वर्षांच्या आत तयार होत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि आजची यंत्रे तर आमच्या सेटांपेक्षा किती तरी गुंतागुंतीची आहेत. मुलगा जेमतेम हाताशी येतो आणि त्याची ट्रंक भरायची वेळ होते. आंब्याची कलमे लावायची आणि पहिला मोहोर आला की बाग मोडायची, असा हा व्यवहार होईल.

याला दुसरी बाजू अशी की, बाहेर जाऊ नये अशी माहितीही त्याच्याबरोबर बाहेर पडते. कोणत्या चौकीला कोणत्या मार्गाने संपर्क आहे, कोणती प्रणाली कोठे अडखळते, हे तांत्रिक मुलाला ठाऊक असते, आणि असा तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण नोकरीच्या शोधात असताना ‘परदेशी कंपनीत सल्लागार’ होण्याचा निरोप त्याच्या मोबाइलवर यायला वेळ लागत नाही. मी मुलांवर संशय घेत नाही. ज्याच्या हाती जाळ्याच्या किल्ल्या दिल्या त्याला त्या टाकून घरी जायला लावण्याची व्यवस्थाच विचित्र आहे, एवढेच म्हणतो. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतील. त्याआधी सिग्नल्स, ईएमई (यंत्रदुरुस्तीचा विभाग), हवाई संरक्षण आणि ड्रोन यांसारख्या तांत्रिक ट्रेडसाठी कायम करण्याचे प्रमाण वेगळे आणि बरेच वरचे ठरले पाहिजे. शक्य तर चारऐवजी सात-आठ वर्षांचा करार द्यावा. जे बाहेर पडतील त्यांना प्रादेशिक सेनेत राखीव तंत्रज्ञ म्हणून वर्षातून काही आठवडे बोलावता येईल, म्हणजे त्यांचा हात आणि निष्ठा दोन्ही ताजी राहतील. माझ्यासारख्या निवृत्तांनाही प्रशिक्षण केंद्रात महिनाभर उभे केले तर आम्ही फुकट येऊ. निदान तार पिळायला शिकवू.

हे सातारा-सांगलीशी जोडून पाहिले तर अधिक स्पष्ट होते. देशातील पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाले. अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच मिलिटरी हा शब्द आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या प्रत्येक बटालियनमध्ये आपल्या कृष्णाकाठची पोरे सापडतात. पहाटे सातारा-कोरेगाव रस्त्यावर, कराडच्या बाजूला, तासगाव-विट्याच्या माळावर भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात, कडेला स्टॉपवॉच घेतलेला मास्तर १६०० मीटरची वेळ ओरडत असतो आणि गावोगावी करिअर ॲकॅडमीच्या पाट्या लागल्या आहेत. २०२३ पासून भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि नंतर मैदान असा क्रम झाला, तरी ॲकॅडमीची दिनचर्या बहुधा मैदानाचीच आहे. छाती, धाव आणि पुलअप्स यांना पर्याय नाही हे मी मानतोच; चढावर सेट पाठीवर घेऊन दम न लागणारा ऑपरेटरच लागतो. त्याबरोबर ओहमचा नियम, बॅटरी जोडणी, सोल्डरिंग, नकाशावाचन आणि थोडेफार प्रोग्रामिंग शिकविणारी एखादी ॲकॅडमी निघाली तर तिची मुले तांत्रिक शाखेत नक्की पुढे जातील. आयटीआय झालेल्या मुलांना तांत्रिक अग्निवीर म्हणून अर्ज करता येतो, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊकच नसते. १९४७ पासूनचे सांगलीचे वालचंद महाविद्यालय आणि १९६० पासूनचे कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन संस्थांतून शिकलेल्या अभियंत्यांनी पुणे-बंगळूरच्या कंपन्या भरल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत एक तरी प्रकल्प डोंगरावर ड्रोनची बॅटरी गरम राखण्याचा किंवा जॅमिंग ओळखण्याचा असायला काय हरकत आहे?

जाता जाता एक गोष्ट गावाकडची सांगतो, कारण ती आपल्या हातातली आहे. मुलगा ट्रेनिंग पुरे करून सुट्टीवर आला की गावच्या स्टँडवर फ्लेक्स लागतो. हौस आहे, कौतुक आहे, ते असावे. पण त्या फ्लेक्सवर मुलाचा गणवेशातील फोटो, युनिटचा क्रमांक, ट्रेड आणि ‘सध्या नेमणूक’ असे लिहून ठिकाणाचे नाव घातलेले मी स्वतः पाहिले आहे. खाली शुभेच्छुक म्हणून पंधरा जणांचे फोटो आणि मोबाइल क्रमांक. तो फ्लेक्स मग स्टेटसला जातो. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावरून जगभरातील लष्करी तळांच्या वाटा उघड झाल्या होत्या, कारण जवान तळाभोवती धावताना घड्याळ चालू ठेवत. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढायला लावले ते काही उगाच नव्हे. जवानाने ॲप काढले आणि मामाने फ्लेक्स लावला, तर सायबर सुरक्षेचा खर्च कशासाठी करायचा? भाषणात बहिर्जी नाइकांचे नाव घेणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी, ज्यांच्या फ्लेक्सवर ही माहिती झळकते, ग्रामपंचायतीला एवढे तरी समजावून सांगावे. फोटो घाला, नाव घाला. युनिट आणि ठिकाण घालू नका.

आमच्या भागाचे खासदार संसदेत बोलतात तेव्हा ते साताऱ्याच्या शौर्यपरंपरेवर बोलतात. येत्या अधिवेशनात त्यांनी तीन साधे प्रश्न लेखी विचारावेत, आणि आपल्या दैनिकाने त्यांची उत्तरे छापावीत, अशी विनंती आहे. तांत्रिक ट्रेडमधील किती अग्निवीरांना कायम करणार? खरेदी केलेल्या प्रत्येक माहिती प्रणालीचे मूळ सॉफ्टवेअर बदलण्याचा अधिकार सैन्याकडे आहे की कंपनीकडे? आणि नेटवर्क पूर्ण बंद ठेवून घेतलेला ब्रिगेड पातळीचा शेवटचा सराव कोणत्या वर्षी झाला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोपनीयतेच्या कारणाने मिळाले नाही तरी चालेल; पहिल्या दोहोंत गोपनीय असे काही नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त सुभेदार (सिग्नल्स)
ता. कोरेगाव, जि. सातारा